ओढा कशास म्हणावें?

कायद्याच्या भाषेचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत करूं नये असा निर्बंध आमच्या ऐकिवांत नाहीं. तरी पण तें सहसा कोणी करीत नाहीं हें खरें. कादंबरी टीकाकाराकडे आणि कायदा वकिलाकडे अशी वांटणी झालेली आहे, व तींत कोणास कांहीं वावगें दिसत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटत आलें आहे कीं, शब्द कसे घडविले जातात, कसे वांकविले जातात आणि कसे निकामी केले जातात हें पाहावयाचें असेल, तर नियमाच्या वाक्याइतकें उत्तम स्थळ दुसरें नाहीं. कवीचा शब्द चुकला तर एक ओळ बिघडते. नियमाचा शब्द चुकला तर एक ओढा नाहींसा होतो. हें आम्ही अलंकारानें बोलत नाहीं. अमेरिकेंतील ॲपलाचियन डोंगरांत १९८५ ते २००१ या काळांत कोळशाच्या उघड्या खाणींतून निघालेल्या दगडमातीखालीं सुमारें ७२४ मैल लांबीचे ओढे गाडले गेले, असें तेथील सरकारच्याच पाहणींत नमूद आहे; आणि या सर्व काळांत, ओढ्यापासून शंभर फुटांच्या आंतील जमिनीस धक्का लावूं नये, असा नियम पुस्तकांत जसाच्या तसा उभा होता. तो मोडला गेला असें म्हणावें, तर तो मोडल्याचा ठपका क्वचितच कोणावर आला. तो वाचला गेला. आणि ज्या रीतीनें वाचला गेला ती रीत हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परीक्षणास घेतलेले मुख्य लेख चार आहेत. एक पुस्तक, हॅरी कॉडिल यांचें. दुसरा १९८३ सालचा तो शंभर फुटांचा नियम. तिसरा १९९९ सालचा एका न्यायाधीशाचा निकाल. आणि चवथा २०१६ सालचा ओढ्यांच्या रक्षणाचा नियम, ज्याचें आयुष्य महिन्याभराहून फारसें अधिक झालें नाहीं. परंतु प्रथम ज्या गोष्टीविषयीं हे शब्द आहेत ती गोष्ट वाचकांपुढें ठेविली पाहिजे.

केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया व टेनेसी या राज्यांतील हे डोंगर फार उंच नाहींत. परंतु ते दाट रानानें झांकलेले असून त्यांच्या पोटांत कोळशाचे थर बहुधा आडवे, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक पसरलेले आहेत. पूर्वीं डोंगरास बोगदा पाडून माणूस आंत शिरे. पुढें यंत्रें मोठीं झालीं, आणि बोगदा पाडण्यापेक्षां डोंगराचा माथाच उडवून देणें स्वस्त पडूं लागलें. झाडें तोडावयाचीं, सुरुंग लावावयाचे, फुटलेला खडक यंत्रानें बाजूस सारावयाचा, उघडा पडलेला कोळसा उचलावयाचा आणि खालच्या थरासाठीं पुनः सुरुंग लावावयाचे, असा हा क्रम आहे. आतां खडक फोडला म्हणजे फुगतो. अखंड असतांना जितकी जागा तो व्यापीत होता तितक्या जागेंत त्याचे तुकडे परत मावत नाहींत. डोंगर मूळच्या आकाराच्या जवळपास रचून द्यावा असें कायदा सांगतो. पण तसा रचला तरी दगड उरतोच. हा उरलेला दगड टाकावयास सर्वांत जवळची जागा म्हणजे शेजारची घळ. आणि डोंगरांतील घळीच्या तळाशीं ओढा असावयाचाच. घळ त्यानेंच तर कोरलेली असते.

ओढा गाडला म्हणून पाणी थांबत नाहीं. पावसाचें पाणी त्या दगडांच्या राशींतून झिरपत राहतें, फुटलेल्या खडकाच्या ताज्या पृष्ठभागांवरून वाहतें, आणि बुजविलेल्या घळीच्या पायथ्याशीं बाहेर पडतें तेव्हां तें दिसावयास बहुधा स्वच्छच असतें. परंतु त्यांत सल्फेट इत्यादि क्षार विरघळलेले असतात, कित्येक ठिकाणीं सेलेनियम असतें. या पाण्यांत मेफ्लाय नांवाच्या माशीच्या अळ्या जगत नाहींत. आणि सेलेनियम साठत गेलें म्हणजे माशांचीं पिलें व्यंग घेऊन जन्मास येतात. मार्गारेट पामर व त्यांचे अकरा सहकारी यांनीं जानेवारी २०१० मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत या विषयावरील संशोधनाचा आढावा घेऊन असें दाखविलें कीं, हें नुकसान घळीपुरतें राहत नाहीं, तें प्रवाहाबरोबर खालीं जातें, आणि जमीन पूर्ववत् केल्याचें जाहीर झाल्यावरही तें हटत नाहीं. ओढा ही नदीची फांदी नव्हे, मूळ आहे, हें आपल्या कुणब्यास सांगावें लागत नाहीं. तेथें तें सांगण्यास बारा शास्त्रज्ञ लागले, आणि त्यांचेंही पुरतें ऐकिलें गेलें असें नाहीं.

आतां पुस्तकाकडे वळूं. कॉडिल हे केंटकींतील व्हाइट्सबर्ग या गांवचे वकील. कांहीं काळ राज्याच्या विधिमंडळाचे सभासदही होते. त्यांचें ‘नाइट कम्स टु द कंबरलँड्स’ हें पुस्तक १९६३ सालीं निघालें, आणि अमेरिकेच्या ऐश्वर्याच्या भर मध्यान्हीं त्या देशाच्या एका कोपऱ्यांतील दारिद्र्याकडे त्यानें राज्यकर्त्यांची दृष्टि वळविली. पुस्तकाचा पूर्वभाग आम्हांस मान्य नाहीं. डोंगरी लोक हे लंडनच्या रस्त्यांवरील अनाथ, कर्जबुडवे व करारानें बांधलेले नोकर यांची प्रजा, असें त्यांनीं मोठ्या आवेशानें मांडिलें आहे. इतिहासकारांनीं त्यावर आक्षेप घेतले ते योग्यच होत. उत्तरायुष्यांत तर कॉडिल त्या लोकांच्या दैन्याचें कारण त्यांच्या रक्तांतच शोधूं लागले. ज्यानें लुटारूचें नांव ठाऊक असून तें निर्भयपणें लिहिलें, त्यानेंच शेवटीं लुटल्या गेलेल्यांच्या वंशाकडे बोट दाखवावें, हा या ग्रंथकाराच्या चरित्रांतील खेदाचा भाग आहे, आणि पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांतच त्याचें बीज दिसतें.

परंतु जेथें हा ग्रंथकार वकील म्हणून दस्तऐवज वाचतो, तेथें त्याची बरोबरी करणारे लेखक थोडेच सांपडतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांच्या दलालांनीं डोंगरांतील शेतकऱ्यांकडून जमिनीच्या पोटांतील खनिजांचे हक्क विकत घेतले. पुष्कळदां एकरीं अर्ध्या डॉलरास. सही करणाऱ्यांपैकीं अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्या खतांत, खनिज काढण्यासाठीं जें जें आवश्यक वा सोयीचें वाटेल तें तें करण्याचा हक्क विकत घेणाऱ्यास दिलेला होता, आणि त्यापासून होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावरून काढून घेतलेली होती. सही करणाऱ्याच्या मनांत बोगदा होता, कारण त्यानें दुसरें कांहीं पाहिलेंच नव्हतें. पन्नास-साठ वर्षांनीं त्याच्या नातवाच्या शेतांत यंत्र आलें, आणि केंटकीच्या न्यायालयांनीं तेंच खत वाचून सांगितलें कीं, ‘सोयीचें’ या शब्दांत हेंही येतें. १९६५ सालीं नॉट परगण्यांतील ऑली कोंब्स नांवाची एकसष्ट वर्षांची विधवा आपल्याच जमिनींत यंत्रापुढें आडवी झाली. तिला उचलून नेणाऱ्या शिपायांचें छायाचित्र देशभर पसरलें. तरी शब्दाचा अर्थ फिरावयास आणखी तेवीस वर्षें लागलीं. १९८८ सालीं केंटकीच्या मतदारांनीं प्रचंड बहुमतानें राज्याची घटनाच दुरुस्त करून घेतली, तेव्हां असें ठरलें कीं, खतांत स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या प्रदेशांत खत झालें त्या वेळीं ज्या पद्धती रूढ होत्या तेवढ्यांचाच हक्क विकला गेला असें समजावें. शब्दाचा अर्थ तो उच्चारला गेला त्या काळाचा धरावा, एवढा साधा टीकाशास्त्रांतील नियम. तो स्थापन करण्यास घटनादुरुस्ती लागली.

संघ-सरकारचा कायदा यापूर्वींच झाला होता. २६ फेब्रुवारी १९७२ रोजीं वेस्ट व्हर्जिनियांतील बफेलो क्रीक येथें कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसें मेलीं. तेव्हांपासून उघड्या खाणींवरील कायद्याच्या मागणीस जोर आला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं १९७४ व १९७५ सालीं दोन वेळां त्यास नकार दिला. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजीं कार्टर यांनीं सही केली, व याहून कडक कायदा आपणांस अधिक आवडला असता असें सही करतांनाच सांगितलें. त्या कायद्यांत पाण्याविषयीं जें मुख्य वाक्य आहे त्याचा आशय असा कीं, खाणीच्या हद्दीबाहेर जलसमतोलास वास्तविक हानि पोंचणार नाहीं अशी खात्री पटल्यावांचून परवाना देऊं नये. ‘वास्तविक हानि’ म्हणजे किती हानि, हें कायद्यानें सांगितलें नाहीं, आणि पुढें जवळजवळ चाळीस वर्षें संघ-सरकारच्या नियमांनींही सांगितलें नाहीं. हें मौन निष्काळजीपणाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या शब्दाची व्याख्या केली असतां भांडण होईल तो शब्द मोकळा सोडावा, म्हणजे भांडण पुढच्या पिढीवर जातें, ही विधिमंडळांची जुनी विद्या आहे.

या कायद्याखालीं १९८३ सालीं तो शंभर फुटांचा नियम आला. त्याचें वाक्य गद्य म्हणून पाहिलें तर चांगलें आहे. बारमाही किंवा हंगामी ओढ्यापासून शंभर फुटांच्या आंतील जमिनीस खाणकामानें धक्का लावूं नये. मात्र पाण्याच्या प्रतीचे दंडक मोडणार नाहींत, आणि ओढ्याच्या पाण्यावर, त्याच्या प्रमाणावर व इतर नैसर्गिक संपत्तीवर वाईट परिणाम होणार नाहीं, असा निष्कर्ष काढून अधिकाऱ्यानें खास परवानगी दिली तर गोष्ट निराळी. निषेध स्पष्ट, अपवाद स्पष्ट, आणि अपवादास घातलेली अटही स्पष्ट. हें वाक्य लिहिणाराच्या डोळ्यांपुढें काय होतें तेंही त्यावरून दिसतें: कांठाकांठानें चालणारी खाण, आणि कांठावरून ओढ्यांत घसरणारी माती. अंतर त्यानें आडवें मोजलें. खाणच वरून येऊन ओढ्याच्या अंगावर बसेल, ही कल्पना त्या वाक्यांत नाहीं.

येथें एक गोष्ट सहज सुचते म्हणून सांगतों. ज्यांत फक्त पावसाचें पाणी उतरतें व पाऊस सरतांच जें कोरडें होतें, त्या ओघळास या नियमाचें संरक्षण नव्हतें. वरच्या दोन वर्गांसच होतें. आपल्या भाषेंत ओघळ, ओहोळ, ओढा, नाला, कोंकणांत पऱ्या आणि वहाळ, असे किती तरी शब्द आहेत, आणि कोणतें पाणी होळीपर्यंत टिकतें व कोणतें दिवाळीलाच आटतें हें गांवच्या माणसास त्या त्या नांवाबरोबर ठाऊक असतें. ॲपलाचियन लोकांचेंही असेंच आहे. त्यांच्याकडे प्रत्येक घळीच्या पाण्यास निराळें नांव आहे, आणि पुष्कळदां त्या घळींत राहणारें कुटुंबही त्याच नांवानें ओळखिलें जातें. नियमाला तीन वर्गांपलीकडे जातां येत नाहीं, हें आम्ही समजूं शकतों. पण वर्ग कोणता हें ठरविणारा मनुष्य कोण, आणि तो कोणत्या महिन्यांत ओढ्यावर गेला होता, यावर सारें अवलंबून राहतें, हेंही विसरतां येत नाहीं.

मग तो नियम असतांना घळी बुजल्या कशा? अधिकाऱ्यांचें वाचन असें होतें कीं, ज्या भागावर दगड पडणार त्या भागास हा नियम लागूच नाहीं. परिणाम पाहावयाचा तो बुजविलेल्या भागाच्या खालीं, जेथें ओढा पुनः उघड्यावर येतो तेथें. म्हणजे ओढ्याच्या कांठाशीं नव्वद फुटांवर रस्ता काढावयाचा तर निष्कर्ष लिहून परवानगी घ्यावी, आणि ओढ्याच्या अंगावरच डोंगर लोटावयाचा तर नियमाचें काम नाहीं. असल्या अन्वयास आमच्याकडील पंतोजींनीं विद्यार्थ्याचा कान पिळला असता. तेथें तो दीड तप चालला.

तो थांबविण्याचा प्रयत्न वेस्ट व्हर्जिनियांतील न्यायाधीश चार्ल्स हेडन यांनीं केला. लोगन परगण्यांतील ब्लेअर या गांवाजवळ पिजनरूस्ट नांवाच्या ओढ्यावर एक प्रचंड खाण येऊं घातली होती. तेथील रहिवाशांनीं दावा लाविला. २० ऑक्टोबर १९९९ च्या निकालांत हेडन यांनीं नियमाचें वाक्य हातीं घेतलें आणि तें जसें लिहिलें आहे तसें वाचलें. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: घळ बुजविली म्हणजे ओढ्यांतील पाण्याचें प्रमाण शून्य होतें, ओढाच नाहीं म्हणून पाण्याची प्रतही उरत नाहीं, आणि समूळ नाहींसें होणें याहून वाईट परिणाम दुसरा असूं शकत नाहीं. न्यायालयीन गद्यांत इतकें निरलंकार व इतकें पूर्ण लेखन आमच्या पाहण्यांत थोडें आहे. त्यांत रागाचा एक शब्द नाहीं. अटीमध्यें जीं पदें आहेत तींच एकामागून एक घेतलीं, आणि प्रत्येकापुढें वस्तुस्थिति ठेविली; एवढ्यानें सारा युक्तिवाद कोसळला.

निकालानंतर राज्यांत केवढा गहजब झाला याचें वर्णन करीत बसण्याचें कारण नाहीं. दहाच दिवसांच्या आंत हेडन यांनीं स्वतःच आपल्या हुकमास स्थगिति दिली, आणि २००१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. मात्र तो फिरविला कशावर, हें लक्षांत घ्यावें. हेडन यांचा अर्थ चुकला असें त्या न्यायालयानें म्हटलें नाहीं. राज्याविरुद्ध असा दावा संघ-न्यायालयांत चालत नाहीं, एवढेंच म्हटलें. वाक्याचा अर्थ काय हा प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि ओढे बुजत राहिले. डिसेंबर २००८ मध्यें मग नियमच बदलण्यांत आला, व उरलेला दगड ओढ्यांत टाकण्यास शंभर फुटांच्या बंधनांतून वाट करून दिली. एका दृष्टीनें हें अधिक प्रामाणिक होतें; इतके दिवस जें करीत होते तें आतां लिहिलें. परंतु तोही नियम २०१४ सालीं एका न्यायालयानें रद्द केला, कारण दुर्मिळ प्राण्यांच्या रक्षणाविषयीं घ्यावयाचा सल्ला सरकारनें घेतला नव्हता. आणि जुनें वाक्य पुनः जिवंत झालें.

२०१६ सालच्या नियमाविषयीं आमचें मत थोडें संमिश्र आहे. त्या वर्षाच्या २० डिसेंबरला तो प्रसिद्ध झाला; सरकारी राजपत्राचीं त्यानें सुमारें ३८० पानें व्यापिलीं. वस्तुज्ञानाच्या दृष्टीनें तो मागील सर्व लेखांहून श्रेष्ठ आहे. ‘वास्तविक हानि’ या शब्दांची व्याख्या संघ-सरकारच्या नियमांत प्रथम त्यानेंच केली. खाण सुरू होण्यापूर्वीं ओढ्याची स्थिति मोजून ठेवावी, कारण आधीं काय होतें हें ठाऊक नसेल तर नंतर काय बिघडलें हें सिद्ध होत नाहीं, ही गोष्ट त्यानें ओळखली. ओढा परत द्यावयाचा म्हणजे दगडांनीं बांधलेली सारणी द्यावयाची नव्हे, त्याचें वळण, त्याचा प्रवाह आणि त्यांतील जीवसृष्टि हीं सर्व परत आलीं पाहिजेत, असें त्यानें म्हटलें. ओढा हा सजीव आहे हें मान्य करण्याच्या इतकें जवळ दुसरें कोणतेंही सरकारी गद्य आलेलें आम्हांस ठाऊक नाहीं. वीस वर्षांत ६,००० मैलांचे ओढे आणि ५२,००० एकर रान राखलें जाईल, असा त्या खात्याचा अंदाज होता.

परंतु १९८३ चें वाक्य व्हाइट्सबर्गच्या वाण्यास समजलें असतें. २०१६ चा नियम त्याच्या वकिलासही एका बैठकींत समजला नसता. पोटकलमांत पोटकलम, अपवादास अपवाद. मागच्या वाक्याचा अर्थ लोकांनीं वांकविला, म्हणून या लेखकांनीं वांकण्यास जागाच ठेवूं नये असें ठरविलें, आणि परिणामीं सामान्य माणसाला तें वाक्य हातीं धरण्याससुद्धां जागा उरली नाहीं. त्याच्या विरोधकांस हें फार उपयोगीं पडलें. हा नियम खाणकामगाराची भाकर काढून घेणारा आहे, एवढें एक वाक्य त्यांनीं केलें, आणि तें सर्वांस समजलें. तें सर्वस्वीं खोटें होतें असेंही नाहीं. ज्या परगण्यांत कोळशाशिवाय दुसरा रोजगार कोणीं येऊं दिला नाहीं, तेथें खाणीवरील प्रत्येक बंधन चुलीपर्यंत पोंचतें. परंतु त्या प्रदेशांतील खाणी तोंपर्यंत ओस पडूं लागल्या होत्या त्या मुख्यतः स्वस्त नैसर्गिक वायूमुळें, आणि थोड्या माणसांनीं पुष्कळ कोळसा काढणाऱ्या त्या यंत्रांनीं तर कामगारांची संख्या फार पूर्वींच घटविली होती. या गोष्टी त्या एका वाक्यांत नव्हत्या.

आमच्या वाचकांपैकीं जे चंद्रपूर-वणीकडचे आहेत त्यांस हा वाद परका वाटणार नाहीं. फरक आहे तो असा कीं, तेथें डोंगर काढून घळी बुजवितात, आणि वर्धेच्या खोऱ्यांत, जेथें जमीन सपाट आहे तेथें, उघड्या खाणींतील मातीचे नवे डोंगर उभे राहतात. पावसाळ्यांत ती माती कोठें जाते हें इरईच्या कांठच्या माणसास विचारावें. आपल्याकडील परवान्यांतील वाक्यांचें परीक्षण हा निराळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो कोणी तरी लिहावा अशी आमची इच्छा आहे.

२०१६ चा नियम १९ जानेवारी २०१७ रोजीं अमलांत आला. दुसऱ्याच दिवशीं नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधि झाला. १ फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहानें २२८ विरुद्ध १९४ मतांनीं, आणि २ फेब्रुवारीला सीनेटनें ५४ विरुद्ध ४५ मतांनीं तो नामंजूर केला. १६ फेब्रुवारीला त्यावर ट्रंप यांची सही झाली. ३८० पानांस उत्तर म्हणून जो ठराव झाला त्यांत सांगण्यासारखें वाक्य एकच आहे: हा नियम आम्हांस मान्य नाहीं, आणि त्यास कोणतेंही बल नाहीं. ज्या १९९६ च्या कायद्याखालीं हा ठराव झाला तो असेंही सांगतो कीं, अशा रीतीनें नामंजूर झालेल्या नियमासारखा ‘तत्त्वतः तोच’ नियम नव्या कायद्याच्या आधारावांचून त्या खात्यास पुनः करतां येणार नाहीं. १९८३ चें वाक्य अशा रीतीनें आपल्या निषेधासह व अपवादासह पुनः जागेवर आलें. ‘तत्त्वतः तोच’ म्हणजे किती सारखा, याची व्याख्या १९९६ च्या कायद्यांत दिलेली नाहीं.